भाऊबीजेत दिलेली भिंत

आमच्या अमरावतीच्या घराची पश्चिमेकडची भिंत बावीस फूट रुंद आणि अठरा फूट उंच आहे. तिच्यात वरच्या मजल्यावर एकच खिडकी आहे, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि ती स्वयंपाकघराची आहे. ही मापं मी स्वतः घेतलेली आहेत. बाबूजींच्या अर्जात लिहायला ती हवी होती आणि तेव्हा बारावीत असलेली मीच घरात टेप नीट धरू शकत होते. या प्रकरणात जे काही घडतं ते या दोन मापांच्या मधलं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

घर चौकातलं. खाली एक खोली आणि शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर आम्ही. जिना मागच्या गल्लीतून. बाबूजी बडनेऱ्याला रेल्वेत मालाच्या विभागात होते. सकाळी डबा घेऊन सायकलने निघत आणि दिवेलागणीला परत येत. त्यांचा दिवस तिकडे जाई आणि आमचा, म्हणजे आईचा आणि माझा, त्या स्वयंपाकघरात. पश्चिमेची खिडकी असल्यामुळे दुपारनंतर तिथे इतका उजेड येई की ओट्यावर निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीतला एकेक खडा दिसे. मी खिडकीखाली पोत्यावर बसून गणितं सोडवायची आणि आई वर उभी राहून भाकरी थापायची. भाकरीची थाप, खालच्या शिवणयंत्राची खडखड, चौकातल्या ऑटोवाल्यांची हाळी, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या सिटीबसचा हॉर्न, हे सगळं त्या खिडकीतून आत यायचं आणि आमच्या फोडणीचा ठसका बाहेर जायचा. हिरव्या मिरचीचा ठेचा असला की समोरच्या पानठेल्यावरचा माणूस खालून ओरडायचा, "काकू, आज कोनाले मारता का!" आई वरून म्हणायची, "तुलेच. ये जेवाले." हे रोजचं होतं.

गजामामा आईचा सख्खा धाकटा भाऊ. मोर्शीकडचा. घरी संत्र्याचा बगीचा होता, पण त्याला त्यात राम वाटत नसे. तो अमरावतीत आला तो एका पुढाऱ्याच्या मागे. त्या पुढाऱ्याला सगळे दादासाहेब म्हणत. मीही इथे तेच म्हणते. मामा त्यांच्या गाडीचं दार उघडायचा, त्यांच्या सभेच्या खुर्च्या मोजून आणायचा आणि मोजून परत द्यायचा. इतकी वर्षं करून त्याला कोणी अजून नावाने ओळखत नव्हतं. स्वभावाने गोड. आमच्याकडे आला की पहिल्यांदा स्वयंपाकघरात यायचा आणि कढईचं झाकण उचलून पाहायचा.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आईने पाट मांडला, रांगोळी काढली, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. मामाला ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली आणि उठलाच नाही.

"ताई, एक मागू का?"

"आज मांगाचा दिवस माहा हाय का तुहा?" आई हसली.

"तसं नाई. दादासाहेबाचा वाढदिवस हाय. तुही इकडची भिंत देशीन का चार दिवस? बोर्ड लावाचा हाय."

आईने विचारलंही नाही की बोर्ड केवढा. ओवाळल्यावर भावाने तोंड उघडून काही मागितलं होतं. तिने मान हलवली. बाबूजी बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं. मामा गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "मले तरी विचाराचं होतं." आई म्हणाली, "भिंत कुठं पयून जाते?"

तेव्हा फ्लेक्स नवीनच आला होता. त्याआधी चौकात कापडी फलक असत, हाताने रंगवलेले, आणि त्यांच्यावरचा पुढारी ओळखायला खाली नाव वाचावं लागे. छापील चेहरा आला आणि एकदम सगळं बदललं. आता घामाचा थेंबही दिसत होता. मामाने माणसं आणली. त्यांनी भिंतीत भोकं पाडून लोखंडी अँगलची चौकट ठोकली. चार दिवसांच्या कामाला लोखंड कशाला, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. मग रशीदचाचा आले. ते आधी पाट्या रंगवायचे. आमच्या दाराची पाटीही त्यांच्याच हातची. फ्लेक्सने त्यांचा ब्रश काढून घेतला होता आणि आता ते फ्लेक्स ताणायचं काम करत. संध्याकाळपर्यंत आमच्या भिंतीवर दादासाहेब उभे राहिले, जमिनीपासून गच्चीपर्यंत, आणि त्यांच्या डाव्या गालामागे आमची खिडकी गेली.

आईने खिडकीचे पल्ले आत उघडले तर समोर वीतभर अंतरावर फ्लेक्सची पाठ. स्वयंपाकघरात एक पिवळट, कावीळ झाल्यासारखा उजेड पडला होता. भाकरी त्यात कच्ची आहे की करपली हे कळत नव्हतं.

चार दिवसांचा वाढदिवस संपला आणि त्याच चौकटीवर नवीन वर्षाच्या शुभेच्छा आल्या. नवीन वर्ष उतरलं आणि संक्रांतीचा तिळगूळ चढला. मग चौकात दादासाहेबांच्या वडिलांचा पुतळा बसवायचा ठरला, त्याचा संकल्प चढला. चौकाच्या मधोमध काळ्या दगडाचा चबुतरा बांधून झाला, नऊ फूट उंच. पुतळा पुढे आला तो सहा फूटच निघाला, पण ते नंतरचं. आमच्या भिंतीवर मजकूर बदलत होता, चेहरा तोच होता.

मी आता अकोल्यात राहते आणि लोकांचे हिशेब करते. रस्त्याने जाताना माझे डोळे आपोआप मोजायला लागतात. एखाद्या पाणी योजनेचा बोर्ड असेल तर चेहरा अकरा फूट आणि योजनेचं नाव दीड फूट. मला याचा राग येतो हे मुलाला समजत नाही. तो म्हणतो, आई, तू बघतेस कशाला. पण न बघण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. आईच्या माहेरी ओसरीवर एक चौकट होती. आजोबांना लहानपणी शाळेत गोऱ्या राजाचं छापील चित्र मिळालं होतं, मिठाईसोबत वाटलेलं. त्यांच्या वडिलांनी ते हौसेने फ्रेम करून घेतलं. राज्य गेल्यावर आजोबांनी राजाला काढलं आणि तिथे बैलजोडीचा फोटो लावला. राजाची तेवढी मर्यादा होती. तो ओसरीवर एका खिळ्याला लटकत होता आणि त्याला उतरवता येत होतं. आमच्या भिंतीवरचा उतरवायचा कोणी, हे बाबूजींनी तीन अर्ज करून विचारलं. जिथे अर्ज द्यायचे तिथे दिले, माझी मापं जोडून. उत्तर तोंडी मिळालं: घरमालकाच्या संमतीने लावलेला आहे. बाबूजींनी ते उत्तर घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं आणि जेवायला बसले.

उन्हाळा लागायच्या आधीच भारनियमन सुरू झालं. दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. खिडकी उघडी असती तर त्याचं काहीच वाटलं नसतं. दुपारी दिवा कोण लावतं? पण आम्हाला भर दुपारी मेणबत्ती लावावी लागे. मी मेणबत्तीच्या उजेडात इंटिग्रेशन सोडवत होते आणि बाहेर रस्त्यावर ऊन मावत नव्हतं. आईला आधीच धुराचा त्रास. ती फोडणी टाकून पदर तोंडावर धरून बाहेरच्या खोलीत पळायची आणि पुन्हा आत यायची.

रशीदचाचा फ्लेक्सवर ठिकठिकाणी अर्धगोल काप देत, हवा निघून जावी म्हणून. नाहीतर वाऱ्याने फ्लेक्स फुगतो आणि चौकटीसकट भिंत ओढतो. आईने ते पाहून ठेवलं होतं. पुढच्या वेळी ते शिडीवर चढले तेव्हा तिने आतून हाक मारली.

"रशीदभाऊ, इथं खिडकीपुढं दोन-चार काप जास्त मारून द्या न."

बाहेरून आवाज आला, "भाभी, तिथं गाल हाय."

"मंग?"

"चेहऱ्यावर ब्लेड नाई चालवत आमी. अक्षरावर म्हना, आभाळावर म्हना, कुठंबी मारतो. चेहऱ्याले हात लावला तं उद्या हे लोकं मलेच टांगतीन इथं."

"अन् माहं तोंड कायं पडून राहिलं धुरानं, त्याचं?"

शिडी करकरली. मग ते म्हणाले, "एक करतो. छापणाऱ्या पोट्ट्याले सांगतो, पुढच्या टाइमाले चेहरा उजव्या बाजूले घे म्हना. तुमच्या खिडकीवर अक्षरं आले की जाळी करून देतो. पीठ चाळून घ्या त्यातून."

आई कितीतरी दिवसांनी हसली.

त्यांनी शब्द पाळला. पुढचा फ्लेक्स आला तो परीक्षेचा. बारावीच्या सर्व परीक्षार्थींना उज्ज्वल यशासाठी हार्दिक शुभेच्छा. परीक्षार्थी आत मेणबत्ती लावून बसली होती. दादासाहेब खरोखरच उजव्या बाजूला सरकले होते. पण डाव्या बाजूला, जिथे अक्षरं यायची होती, तिथे शुभेच्छुक आले. लहान चेहऱ्यांची एक रांग. आणि त्या रांगेत पहिला, बाकीच्यांपेक्षा जरा मोठा, दोन फुटांचा, गजामामा.

रशीदचाचा शिडीवरून आईला म्हणाले, "भाभी, पहिले एक चेहरा होता. आता पाच झाले. सांगा, कुठं मारू ब्लेड?"

मामा खाली चौकात उभा होता. पांढरे कपडे, नवी चप्पल. तो वर पाहत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड चौकाला दिसलं होतं, आणि ते भिंत मिळवून दिल्याबद्दल मिळालं होतं. तो धावत जिना चढून आला. "ताई, पायलं का? पायलं का तू?" आई म्हणाली, "इथून तुही पाठ दिसते रे." त्याला ते कळलं नाही. त्याने कढईचं झाकण उचललं, आंबाडीची भाजी होती, उभ्या उभ्या भाकरीसोबत खाल्ली आणि गेला.

दोन दिवसांनी भर दुपारी, वीज नसताना, आईच्या हातून उकळत्या वरणाचं भांडं निसटलं. पाय भाजला. फार नाही, पण फोड आले. मी पायावर पाणी ओतत होते. पाणी ओतून झाल्यावर ती म्हणाली, "तुह्या कंपासमध्ये ब्लेड हाय न? आन."

तिने गजांतून हात बाहेर काढला आणि आपल्या भावाच्या चेहऱ्याच्या तीन बाजू कापल्या. खाली, डावीकडे, उजवीकडे. वरची बाजू तशीच ठेवली. म्हणाली, "पूरं नाई कापत. झाकण करते." लाटण्याने ढकललं की मामाचं तोंड वर उचललं जायचं, आणि लाटणं गजात अडकवलं की तसंच राहायचं. दोन फूट बाय दोन फूट उजेड आत आला आणि बरोबर माझ्या पोत्यावर पडला. स्वयंपाक झाला की आई लाटणं काढून घ्यायची. मामा पुन्हा हसत चौकाकडे पाहू लागायचा.

चौकाला हे कळायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर लोक म्हणायला लागले, "गजाभाऊ उठले, भाजी टाकली वाटते." सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्या तळल्या त्या दिवशी खालून कोणीतरी ओरडलं, "काकू, आज गजाभाऊच्या तोंडाचा वास लय चांगला येऊन राहिला!" सगळे हसले. मामाच्या कानावर ते गेलं नाही, कारण चौकात आता त्याला कोणी तोंडावर काही सांगत नव्हतं. फ्लेक्सवर आल्यापासून त्याचा मान वाढला होता.

मग एका रात्री वावटळ आली. सकाळी पाहिलं तर झाकणाची वरची बाजूही फाटली होती आणि मामाचा चेहरा एका कोपऱ्याला लटकत उलटा झुलत होता.

त्यानंतर जे झालं ते इतक्या झपाट्याने झालं की मला आजही त्याचा हिशेब लागत नाही. बाबूजी कामावर गेले होते. आठ-साडेआठला चौकात गर्दी, चबुतऱ्यावर माईक, प्रतिमेची विटंबना, विरोधकांचं कारस्थान, जाहीर निषेध. पानठेला बंद करायला लावला. ज्याला सगळा प्रकार माहीत होता तो पानठेलेवाला फळी लावून गुपचूप गेला. चार पोरं बुटांसकट आमच्या जिन्यावरून, बाहेरच्या खोलीतून गच्चीवर गेली, हातात दुधाचे कॅन. प्रतिमेला दुग्धाभिषेक. फाटला होता मामा, पण अभिषेक दादासाहेबांच्या चेहऱ्यावर झाला. दूध फ्लेक्सच्या मागून भिंतभर ओघळलं आणि आमच्या खिडकीच्या चौकटीवर, तिथून ओट्यावर आलं. आई फडकं घेऊन पुसत होती. घरात चहापुरतंच दूध होतं आणि बाहेरून दूध येत होतं.

मामा आत आला. चेहरा लाल, गळ्यात हार. "ताई, पाय न काय झालं! दादासाहेब सोता येऊन राहिले. माह्यासाठी! चहा ठेव लवकर."

आई पुसता पुसता म्हणाली, "गजू, कोनं कापलं नाई रे. म्या कापलं. झाकण केलं होतं उजेडासाठी. हवेनं फाटलं."

मामा ओट्याला धरून उभा राहिला. त्याने लाटण्याकडे पाहिलं, आईच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मी त्याचा चेहरा पाहत होते, खरा. त्याला राग आला नव्हता. तो काहीतरी जुळवत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "बरं. आता हे कोनाले सांगू नोको. झालं ते झालं. दादासाहेब यून जाऊ दे, मंग पाहू." आणि चहा न घेता खाली गेला.

आईने ते ऐकलं असतं. मला खात्री आहे. भावाचं भलं होत असेल तर होऊ दे, म्हणून ती गप्प बसली असती आणि आयुष्यभर कोणाला काही कळलं नसतं. पण थोड्या वेळाने खालचा आवाज बदलला. मी फाटलेल्या भोकातून पाहिलं. गर्दीतल्या दोघांनी रशीदचाचांना घरून ओढून आणलं होतं. ते चबुतऱ्यापुढे उभे होते, कामाची पिशवी छातीशी धरून. कोणीतरी ती ओढली, उलटी केली. दोरीची गुंडाळी, पक्कड आणि ब्लेडची पाकिटं रस्त्यावर पडली.

"ब्लेड कोनापाशी रायते? सांग! कोनाच्या सांगन्यावरून कापलं?"

"भाऊ, अल्ला कसम, मी चेहऱ्याले हात नाई लावत. गजाभाऊ, तुमी तं वळखता मले. सांगा न यायले."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा हाराचं फूल सरळ करत होता. तो म्हणाला, "चौकशी होईन. दादासाहेब येऊ द्या."

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. माईकवरचा आवाज चढत होता आणि त्यात आता दुसरेच शब्द येऊ लागले होते, रशीदचाचांच्या मोहल्ल्याबद्दलचे. आईने लटकणारा मामाचा चेहरा हाताने बाजूला केला, गजांना तोंड लावलं आणि ओरडली. भाकरी थापणाऱ्या बाईचा आवाज केवढा असतो हे त्या दिवशी मला कळलं.

"ओ भाऊ लोकं! सोडा त्या मानसाले! म्या कापलं!"

माईक बंद पडल्यासारखा झाला. दीडदोनशे माणसं वर पाहत होती. शुभेच्छुकांच्या रांगेत पहिल्या जागी, जिथे गजामामा होता, तिथे माझी आई होती. कपाळावर केस चिकटलेले, गालाला पीठ.

"म्या कापलं म्हनते न! स्वयपाकघरात उजेड नाई, पाय भाजून घेतला म्या. घर माहं, भिंत माही, अन् तोंडही माह्याच भावाचं. तुमचं काय गेलं त्याच्यात? इचारा गजूले. सकाळी सांगतलं म्या त्याले."

मागून, ऑटोस्टँडकडून एक जण हसला. मग दुसरा. हसू गर्दीतून पुढे येत गेलं, आणि ज्यांच्या हातात दुधाचे कॅन होते ते कॅन मागे लपवू लागले. रशीदचाचा खाली बसून ब्लेडची पाकिटं गोळा करत होते. त्यांना मदत करायला कोणी वाकलं नाही. दादासाहेबांची गाडी कोपऱ्यापर्यंत आली. कोणीतरी धावत जाऊन काचेशी काही बोललं. काच वर गेली आणि गाडी सरळ निघून गेली. मामा गाडीच्या मागे चार पावलं धावला. मग थांबला. त्याने आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि गळ्यातला हार काढला.

दुसऱ्या दिवशी नवीन माणसं आली आणि नवीन फ्लेक्स लागला. त्यात शुभेच्छुक नव्हते, मामा नव्हता. एकटे दादासाहेब, आणि ते पुन्हा डाव्या बाजूला, आमच्या खिडकीवर. परीक्षेचा अभ्यास मी मेणबत्तीवरच पुरा केला. निकालानंतर त्यांच्याच हस्ते गुणवंतांचा सत्कार झाला. प्रशस्तिपत्रावर त्यांचा फोटो रंगीत छापलेला होता आणि माझं नाव निळ्या पेनाने लिहिलेलं. ते पत्र आजही माझ्याकडे आहे. पेनाची शाई उडाली. फोटो तसाच आहे. रशीदचाचांना त्या लोकांनी पुन्हा काम दिलं नाही. ते आईला म्हणाले, "भाभी, बरं झालं. पाट्या रंगवतो आता. नंबर काढतो गाड्यायचे. नंबरले तोंड नसते."

पावसाळा गेला. मामा आला नाही. राखी आईने पोस्टाने पाठवली. दिवाळी आली, आणि भाऊबीजेला आईने सकाळीच पाट मांडला. पातोडी केली. दुपार गेली, पातोडी गार झाली. बाबूजी म्हणाले, "आपन जेवून घेऊ." आई म्हणाली, "तुमी घ्या."

भाऊ आला नाही तर बाई चंद्राला ओवाळते. बीजेचा चंद्र पश्चिमेला असतो, दिवस बुडाल्यावर घटकाभर दिसतो आणि जातो. आईने ताट घेतलं आणि सवयीने स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. बाहेर फ्लेक्सवर खालून दोन मोठे दिवे सोडलेले होते. त्या उजेडात दादासाहेबांचा चेहरा उलटा, आतल्या बाजूने, सगळ्या स्वयंपाकघरावर पिवळा पसरला होता. आई निरांजन हातात धरून त्या चेहऱ्यासमोर उभी होती.

"गच्चीवर जाऊ न," मी म्हटलं.

"याले ओवाळू का मी आता?" ती माझ्याशी बोलत नव्हती. ताट ओट्यावर ठेवलं. "ब्लेड आन."

या वेळी झाकण नव्हतं. चारी बाजू कापल्या, हात पोचला तिथवर. तुकडा बाहेर पडला, हेलकावे खात खाली गेला. चंद्र दिसला नाही. बुडाला असेल किंवा समोरच्या लॉजवरच्या बोर्डामागे गेला असेल. दिसला तो खाली, पानठेल्याच्या बाजूला अंधारात उभा असलेला मामा. हातात साडीचं पाकीट होतं. केव्हापासून उभा होता कोण जाणे.

आई त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गजू. वर ये. पाट मांडला हाय."

मामाने आधी वर, फाटलेल्या गालाकडे पाहिलं. मग चौकात इकडेतिकडे, कोणी पाहत आहे का. मग तो मागच्या गल्लीने आला. पाटावर बसला, मान खाली. आईने ओवाळलं. त्याने साडी पुढे केली तशी तिने ताट मागे घेतलं.

"यंदा साडी नाई पायजे. भिंत दे वापस."

मामाने साडीचं पाकीट पाटाशी ठेवलं. म्हणाला, "ताई, भिंत आता माही थोडीच हाय. एवढी निवडणूक होऊ दे. मंग बोलतो मी त्यायच्याशी."

त्याला कितीतरी वर्षं झाली. कितीतरी निवडणुका झाल्या. दादासाहेबांच्या जागी दुसरे आले, मग तिसरे. मामा नगरसेवक झाला, एकदा पडला, पुन्हा झाला, आणि आता त्या भिंतीवर कधीकधी तोच असतो, गच्चीपर्यंत. चौकात पुतळा आहे, त्याचा हात आमच्या घराकडे आहे. लोखंडी चौकट गंजली होती, ती बदलून नवीन आली. एवढं मात्र झालं की फ्लेक्स कोणाचाही असो, छापणारी मुलं आता आधी विचारतात, काकूची खिडकी कुठं येते. तीन फूट बाय चार फूट जागा कोरी सोडून चेहरा बाजूला घेतात, कारण नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी तिथे भोक असतं. बावीस बाय अठरातून आम्ही एवढं परत मिळवलं. बाकीचं मिळालं नाही, आणि मला नाही वाटत मिळेल.

मी दर भाऊबीजेला अकोल्याहून जाते. आई आता बसूनच ओवाळते, मामाचे गुडघे दुखतात म्हणून पाटाऐवजी खुर्ची ठेवतो. यंदाही तो आला, कढईचं झाकण उचलून पाहिलं, बसला. आईने कुंकवात बोट बुडवलं आणि दरवर्षीसारखं त्याच्या कपाळाजवळ नेऊन थांबवलं.

"भिंत?"

"ताई, एवढी निवडणूक होऊ दे."

"बस मंग तसाच," आई म्हणाली, आणि टिळा लावला.